जामीन मंजूर, माणूस आतच

(दृश्य: जिल्हा न्यायालयाचं आवार. नोटरीची टेबलं, झेरॉक्सचं दुकान, लिंबाखाली बसलेली माणसं.)

फौजदारी वकील म्हटलं की डोळ्यासमोर उलटतपासणी येते. मराठवाड्यातल्या तालुक्याच्या कोर्टात मात्र या वकिलाचा बराचसा दिवस कागद जमवण्यात जातो. पंधरा हजारांचा जामीन मंजूर झालेला असतो, आदेशावर सही पडलेली असते, तरी माणूस हर्सूलला किंवा बीडच्या जिल्हा कारागृहात बसलेला असतो. कारण एकच, सातबारा असलेला जामीनदार सापडत नाही. आदेशापासून कारागृहाच्या फाटकापर्यंतची ही वाट जो वकील कमी करतो, त्याच्याबद्दल आपण बोलणार आहोत. अशा वकिलांची नावं पेपरात क्वचितच येतात.

यातल्या अनेकांच्या घरात आधी कुणी वकील नसतो. बारावीनंतर 5 वर्षं किंवा पदवीनंतर 3 वर्षं कायद्याचं शिक्षण. त्यासाठी संभाजीनगरचं माणिकचंद पहाडे, लातूरचं दयानंद, नांदेडचं नारायणराव चव्हाण अशी महाविद्यालयं. मग महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलची सनद, म्हणजे वकिलीचा परवाना. पूर्वी नोंदणीला बरेच हजार मोजावे लागत. जुलै 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ही फी कायद्यात लिहिलेल्या रकमेवर आणली: सर्वसाधारण उमेदवारांना 750 रुपये, अनुसूचित जाती-जमातींना 125. त्यानंतर अखिल भारतीय बार परीक्षा, आणि मग सिनिअरचं ऑफिस.

सिनिअरकडची पहिली वर्षं पुकारा ऐकण्यात, तारीख घेण्यात, नकलेचे अर्ज लावण्यात आणि रोजनामा, म्हणजे कोर्टाच्या कामकाजाची तारीखवार नोंद, वाचण्यात जातात. ज्युनिअरला महिन्याला शहरात 20,000 आणि ग्रामीण भागात 15,000 रुपये द्यावेत, अशी शिफारस बार कौन्सिल ऑफ इंडियानं 2024 मध्ये केली. पण शिफारस बंधनकारक नसते. बऱ्याच ठिकाणी पेट्रोलचे पैसे सुटले तरी ज्युनिअर समाधानी असतो. हुशार पोरं याच टप्प्यावर स्पर्धा परीक्षेकडे वळतात आणि फौजदारीत टिकणारे थोडे उरतात.

(दृश्य: संभाजीनगर खंडपीठाची इमारत, बाहेर एसटीनं आलेले पक्षकार.)

मराठवाड्याचा कायद्याशी संबंध उर्वरित महाराष्ट्रापेक्षा वेगळ्या वाटेनं आला. 1956 पर्यंत अपील हैदराबादला जायचं आणि निजामाच्या काळात कोर्टाची भाषा उर्दू होती. जमिनीच्या जुन्या फायलीत उर्दू आणि मोडी कागद आजही निघतात. राज्य पुनर्रचनेनंतर अपिलासाठी मुंबई गाठावी लागे. ऑगस्ट 1981 मध्ये औरंगाबादला खंडपीठ सुरू झालं. त्याला दिलेलं आव्हान 1982 मध्ये सर्वोच्च न्यायालयात टिकलं नाही. तरी अंतर उरलंच. नांदेडहून खंडपीठ अडीचशे किलोमीटरच्या वर, देगलूरचा माणूस त्याहून लांबचा. अॅट्रॉसिटी कायद्याखाली विशेष न्यायालयानं जामीन दिला किंवा नाकारला, तर कलम 14अ प्रमाणे अपील थेट उच्च न्यायालयात करावं लागतं. म्हणजे दोन्ही बाजूंना तिकीट संभाजीनगरचंच.

आता मुद्द्याचं, पहिले 24 तास.

फोन रात्री येतो, बहुतेक वेळा भावाचा किंवा सरपंचाचा. “वकीलसाहेब, आमच्या पोराला उचललं.” जाणता वकील आधी वेळ विचारतो. किती वाजता उचललं, कुठून, सोबत कोण होतं? कारण अटक पंचनाम्यावर पहाटे पाच लिहिलेलं असतं आणि माणूस आदल्या दिवशी दुपारपासून ठाण्यात बसलेला असतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी कामकाजाच्या नव्या कायद्याच्या, कलम 58 प्रमाणे प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांत दंडाधिकाऱ्यांसमोर हजर करावं लागतं. ते घड्याळ अटकेच्या खऱ्या वेळेपासून चालतं. ती वेळ पुढे सिद्ध करायची तर कॉल रेकॉर्ड, चहाच्या टपरीवरचा सीसीटीव्ही, नातेवाइकांचे मेसेज पहिल्या दिवशीच सांभाळून ठेवावे लागतात. महिन्याभरानं फुटेजवर नवं रेकॉर्डिंग चढलेलं असतं.

दुसरा प्रश्न, अटकेची कारणं लेखी दिली का? नोव्हेंबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की कोणत्याही गुन्ह्यात अटकेची कारणं त्या माणसाला कळणाऱ्या भाषेत लेखी द्यायला हवीत, आणि लगेच जमलं नाही तर रिमांडला, म्हणजे कोठडी ठरवायला दंडाधिकाऱ्यांसमोर, उभं करण्याआधी किमान दोन तास. छापील फॉर्मवरच्या “पुरावा नष्ट करण्याची शक्यता” वगैरे टिकमार्कांनी हे भागत नाही. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेचा गुन्हा असेल, तर अटक न करता हजर राहायला सांगणारी कलम 35(3) ची नोटीस का दिली नाही, हे विचारायचं.

मग रिमांड. पोलीस पीसीआर, म्हणजे पोलीस कोठडी मागतात, वकील एमसीआर, म्हणजे न्यायालयीन कोठडी. रिमांड रिपोर्टात कारणं ठरलेली असतात: हत्यार जप्त करणं बाकी, साथीदार निष्पन्न करणं बाकी, सखोल तपास बाकी. नवखा वकील “आमचा विरोध आहे” म्हणून खाली बसतो आणि तीन दिवस पीसीआर मिळून जातो. अनुभवी वकील एकेक कारण खोडतो. काठी तर फिर्यादीनंच ठाण्यात जमा केली आहे, साथीदार दोघंही अटकेत आहेत, मग उरलं काय? अंगावर मार असेल तर ते त्याच वेळी दंडाधिकाऱ्यांना सांगून नोंदवून घ्यावं लागतं. आठवड्यानं सांगितलेल्या माराला अर्थ राहत नाही.

(दृश्य: भिंतीवरचं कॅलेंडर, त्यावर पेनानं केलेल्या खुणा.)

ऑफिसातली सगळ्यात महत्त्वाची वस्तू कॅलेंडर. मृत्युदंड, जन्मठेप किंवा दहा वर्षं व त्यावरची शिक्षा असलेल्या गुन्ह्यात 90 दिवसांत आणि इतर गुन्ह्यांत 60 दिवसांत दोषारोपपत्र (चार्जशीट) आलं नाही, तर जामीन हा हक्क होतो. मोजणी पहिल्या रिमांडच्या दिवसापासून होते आणि तो दिवस धरायचा असतो. 1 ऑक्टोबरला रिमांड झाला तर साठावा दिवस 29 नोव्हेंबर, अर्ज 30 ला. साठावा दिवस रविवारी आला तरी पोलिसांना एक दिवस वाढून मिळत नाही. चुका दोन होतात. अटकेच्या तारखेपासून मोजून अर्ज आधीच लावला जातो आणि फेटाळला जातो. किंवा जेवणानंतर लावू म्हणून थांबतात आणि बारा वाजता चार्जशीट दाखल होतं. म्हणून 61 व्या दिवशी कोर्ट उघडताच अर्ज द्यायचा आणि त्यावर वेळ टाकून घ्यायची. जामीनदार त्याच दिवशी तयार ठेवायचा, कारण बाँड, म्हणजे जामिनाचं हमीपत्र, भरायला उशीर झाला आणि मधेच चार्जशीट आलं तर मिळालेला हक्क हातचा जाऊ शकतो.

आणि जामीनदार हीच खरी अडचण. त्याच्याकडून सातबारा आणि आठ-अ, म्हणजे नावावरच्या एकूण जमिनीचा उतारा, लागतो. घर दाखवायचं तर ग्रामपंचायतीचा नमुना 8. सोबत आधार, रेशनकार्ड, फोटो. काही ठिकाणी रक्कम भरायची ऐपत असल्याचा तहसीलचा दाखलाही मागतात. कागद ताजे हवेत. सातबाऱ्यावर सोसायटीच्या कर्जाचा बोजा असेल किंवा जमीन अजून वारलेल्या आजोबांच्या नावावर असेल, तर जामीनदार परत पाठवतात. मराठवाड्यात वारसाच्या नोंदी वर्षानुवर्षं पडून असतात, त्यामुळे हे रोजचंच. आणखी किती जणांना जामीन राहिलाय, हे जामीनदाराला लिहून द्यावं लागतं. कोर्टाबाहेर पैसे घेऊन उभे राहणारे भाडोत्री जामीनदार इथंच अडकतात, आणि त्यांच्यासोबत आरोपीही.

यावर उपाय आहेत, पण ते मागावे लागतात. जामिनाच्या अर्जातच जामीनदाराऐवजी तात्पुरत्या रोख जामिनाची विनंती करायची. 1978 च्या मोतीराम खटल्यात एका गवंड्याला दहा हजारांचा जामीन सांगितला होता आणि दुसऱ्या जिल्ह्यातला म्हणून त्याच्या भावाला जामीनदार म्हणून नाकारलं होतं. सर्वोच्च न्यायालयानं रक्कम एक हजारावर आणली. 2023 च्या निर्देशांप्रमाणे जामिनाचा आदेश कारागृहाला ईमेलनं जातो. सात दिवसांत कैदी सुटला नाही, तर अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं असतं. महिना उलटला तरी बाँड भरला गेला नाही, तर कोर्ट स्वतःहून अटी शिथिल करण्याचा विचार करू शकतं. वकिलानं फक्त तारीख लक्षात ठेवून दार वाजवायचं.

(दृश्य: उसाच्या फडाकडे निघालेले ट्रॅक्टर, ट्रॉलीत संसार.)

बीड, धाराशिव, जालना, परभणीकडचं आणखी एक गणित कायद्याच्या पुस्तकात सापडत नाही. दिवाळीच्या आसपास उचल (आगाऊ मजुरी) घेतलेला कोयता, म्हणजे ऊसतोड करणारं जोडपं, कोल्हापूर, सांगली, बेळगावकडे निघतो तो उन्हाळ्याच्या तोंडाशी परततो. मधल्या तारखांना आरोपी गैरहजर, मग अजामीनपात्र वॉरंट, मग जामीनदाराला बाँडच्या रकमेची नोटीस. पुढच्या वेळी गावात कुणी जामीन राहायला तयार होत नाही. म्हणून समजदार वकील दसऱ्यालाच पक्षकारांना बोलावतो, कारखाना आणि मुकादमाचा नंबर फाईलवर लिहितो आणि हजेरी माफीचे अर्ज तयार ठेवतो. “तालुका सोडून जाऊ नये” अशी अट जामिनात येणार असेल तर सुनावणीतच सांगतो की हा माणूस ऊसतोडीला जाणारा आहे. अट एकदा आदेशात आली की ती काढायला वेगळा अर्ज आणि वेगळी तारीख लागते.

पारध्यांचं याहून बिकट. 1871 पासून चालत आलेला गुन्हेगार जमाती कायदा 31 ऑगस्ट 1952 ला रद्द झाला, संशय मात्र उरला. परिसरात चोरी झाली की पालावर गाडी येते. जमीन नाही, काहींकडे रेशनकार्डही नाही. मग जामीनदार कुठून आणायचा? शिवाय एकाच माणसावर तीन ठाण्यांत गुन्हे. एका कोर्टानं सोडलं की दुसऱ्या ठाण्याचे पोलीस फाटकावर हजर. म्हणून वकील वहीत तक्ता ठेवतो: गुन्हा नंबर, ठाणं, कोर्ट, अटक दाखवली की नाही, जामीन कुठवर आला. हा तक्ता नसेल तर एका केसमधला जामीन कागदावरच राहतो.

खटला सुरू झाला की पंचनाम्याकडे डोळे. जप्तीची वेळ आणि स्टेशन डायरीतली नोंद जुळते का? तोच पंच आणखी किती गुन्ह्यांत पंच आहे? मुद्देमाल सीलबंद होता तर प्रयोगशाळेत जायला वीस दिवस का लागले? नव्या संहितेत कलम 105 प्रमाणे झडती आणि जप्तीचं चित्रीकरण आवश्यक आहे. त्याची प्रत मागून घ्यायची, कारण कधी पंचनाम्यात कपाट असतं आणि चित्रीकरणात उघडा कोनाडा.

उलटतपासणीत आवाज चढवून काही हाती लागत नाही. साक्षीदार कोर्टात म्हणतो, “आरोपीच्या हातात कुऱ्हाड होती.” पोलीस जबाबात कुऱ्हाड नसते. वकील विचारतो, मग उत्तर लिहिलं जातं: “जबाबात तसं का लिहिलं नाही, याचं कारण सांगता येणार नाही.” काम इथं अर्धंच झालेलं असतं. तपासी अंमलदार साक्षीला आला की साक्षीदारानं तसं सांगितलं नव्हतं, हे त्याच्याकडून वदवून घ्यावं लागतं. ते राहिलं तर ही तफावत निकालात कामाला येत नाही. ही चूक वीस वर्षं प्रॅक्टिस केलेल्यांच्याही फायलीत दिसते.

फी परवडत नसलेल्यांसाठी आता लोक अभिरक्षक कार्यालयं आहेत. तिथले वकील पूर्णवेळ असतात, खासगी केस घेत नाहीत. मुख्य अभिरक्षकाला फौजदारीत 10 वर्षांचा अनुभव आणि सत्र न्यायालयातले किमान 30 खटले चालवलेले असावे लागतात. कोठडीतल्या माणसाला मोफत वकिलासाठी उत्पन्नाचा दाखला लागत नाही, स्त्रियांनाही नाही. मदतीचा नंबर 15100. “सरकारी वकील फुकटचा, तो काय लढणार” ही समजूत मात्र पारावर अजून पक्की आहे. शेत गहाण टाकून खासगी वकील लावणारे भेटतात आणि दुसऱ्या तारखेला फी संपते.

शिक्षा झालीच, तर निकालाची प्रत आरोपीला विनामूल्य मिळते. दंडाधिकाऱ्यांच्या शिक्षेविरुद्ध सत्र न्यायालयात अपिलाला 30 दिवस, सत्र न्यायालयाच्या शिक्षेविरुद्ध उच्च न्यायालयात 60 दिवस. वकील करायची ऐपत नसेल तर कैदी कारागृह अधीक्षकांमार्फत अपील पाठवू शकतो. खंडपीठाकडची विधी सेवा समिती त्याला वकील देते. गावाकडच्या वकिलानं तेवढ्यात सगळे जबाब, पंचनामे आणि रोजनाम्याच्या नकला काढून संभाजीनगरला पाठवायच्या. अपिलात नवा साक्षीदार सहसा येत नाही. खालच्या कोर्टात विचारायचं राहून गेलेलं तिथं विचारता येत नाही.