कोब्यावरची रंगीत नक्षी

श्रोतेहो, नमस्कार. दिवाळीच्या तोंडावर अंगणातल्या किंवा ओसरीतल्या सिमेंटच्या कोब्यावर ऑइलपेंटने कायमची रांगोळी काढून घेण्याची हौस आपल्याकडे अनेक घरांत असते, आणि ती रांगोळी पुढच्या पावसाळ्यात पापुद्रे सुटून निघते, हाही पुष्कळांचा अनुभव आहे. दोष बहुधा रंगाच्या डब्याला दिला जातो. कारण मात्र रंगाखालच्या जमिनीत असते.

सिमेंट पाण्याशी संयोग पावून कठीण होत असताना त्यात कॅल्शियम हायड्रॉक्साईड, म्हणजेच विरलेला चुना, तयार होतो. ओलाव्यामुळे हा चुना ऑइलपेंटमधल्या तेलापर्यंत पोहोचला की त्या तेलाचा चक्क साबण होतो, आणि रंग चिकट होऊन सुटू लागतो. म्हणून नवा कोबा किमान 28 दिवस तसाच ठेवावा आणि सिमेंटच्या जमिनीसाठीच बनवलेला अॅक्रिलिक किंवा इपॉक्सी रंग वापरावा. इपॉक्सी टणक खरा, परंतु उन्हात तो पिवळट पडतो; तेव्हा उघड्या अंगणासाठी अॅक्रिलिकच बरा.

ओल तपासण्यासाठी दीड फूट लांबी-रुंदीचा प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने जमिनीवर घट्ट बसवून एक दिवस ठेवावा. त्याखाली दव साचले किंवा कोबा काळपट दिसला, तर काम पुढे ढकलावे. घोटून गुळगुळीत केलेल्या कोब्यावर पाण्याचा थेंब टाकून पाहावा. तो न मुरता मोत्यासारखा तसाच राहिला, तर रंगालाही आत शिरायला वाट नाही, असे समजून पृष्ठभाग खरखरीत घासावा आणि धूळ पूर्ण काढावी. यासाठी काही कारागीर आम्ल ओततात. राहत्या घरात, विशेषतः लहान मुले असताना, मला तो मार्ग पसंत नाही.

नक्षीची आखणी गवंड्याच्या पद्धतीने करावी. एका बाजूला 3 फूट, दुसरीला 4 फूट मोजून त्या दोन खुणांमधले अंतर 5 फूट भरले, की कोपरा गुण्यात, म्हणजे बरोबर काटकोनात, आला. मग गेरू लावलेली दोरी ताणून फटकारल्यावर सरळ रेषा उमटतात आणि त्या जिथे छेदतात तिथे ठिपके मिळतात. भौमितिक आकारांसाठी चिकटपट्टी लावली, तर तिच्या कडेवरून आधी जमिनीचाच रंग एकदा फिरवावा. पट्टीखाली जे काही झिरपायचे ते त्याच रंगाचे झिरपते, आणि वरचा दुसरा रंग धारदार कडेने थांबतो. पट्टी मात्र रंग पुरता वाळण्याआधीच, हलक्या हाताने, तिरकी ओढून काढावी.

पावसाचे पाणी जिथे येते, तिथे नक्षीवर शेवटी द्यायच्या पारदर्शक रंगाच्या थरात चाळलेली बारीक वाळू मिसळावी, नाहीतर ओल्या पायांनी येणारा माणूस घसरण्याचा धोका राहतो. चकाकी थोडी कमी होते. ती होऊ द्यावी.