बर्र : पीटच्या आचेवर ओतलेला आरसा

आयर्लंडच्या मधोमध, ऑफली परगण्यातलं हे बर्र. १६२० मध्ये पार्सन्स घराण्याला इथली जमीन मिळाली आणि गावाला नाव पडलं पार्सन्सटाउन. सरळ रस्ते, एका ओळीतली अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या जॉर्जियन शैलीची घरं, आणि वाड्याच्या आवारात या दोन उंच दगडी भिंती.

भिंतींमधली ही दुर्बिणीची लाकडी नळी सुमारे साडेसोळा मीटर लांब. तिच्या तळाशी बसायचा १.८३ मीटर व्यासाचा, सुमारे तीन टनांचा धातूचा आरसा. एवढा मोठा आरसा विकत कुठे मिळणार? तिसरे अर्ल ऑफ रॉस, विल्यम पार्सन्स यांनी तो इथंच ओतला. नाव अर्लचं झालं. हात मात्र त्यांनी शिकवून तयार केलेल्या इथल्याच कारागिरांचे.

दोन भाग तांबं, एक भाग कथील. तांबं वाढलं की आरसा लवकर काळवंडतो. कथील वाढलं की आधीच ठिसूळ असलेला धातू आणखी तडकतो. भट्टीला इंधन पीटचं, म्हणजे दलदलीतून कापून वाळवलेल्या, कुजक्या वनस्पतींच्या मातीचं.

खरी मेख साच्यात. तळ वाळूचा असेल तर खालची बाजू उशिरा निवते, तडे जातात. अखंड लोखंडाचा असेल तर वायू अडकून पोकळ्या राहतात. म्हणून लोखंडी पट्ट्या कडेवर उभ्या करून घट्ट आवळल्या. फटींतून वायू निसटतो, धातू गळत नाही, आणि तळाकडून वर थिजत येतो.

१३ एप्रिल १८४२, रात्री ९. तीन मुशी एकदम कलल्या. तबकडी लाल असतानाच बंद भट्टीत सरकवली आणि १६ आठवडे निवत ठेवली.

मग घासणी. वाफेच्या इंजिनावर फिरणारी ओतीव लोखंडाची चकती, कुरुंद आणि पाणी. घर्षणानं तापून आकार बिघडू नये म्हणून आरसा पाण्यातच. इथल्या दमट हवेत झिलई टिकत नाही, तेव्हा आरसे दोन केले : एक नळीत, दुसरा झिलईला.

नळी वर-खाली फिरते, बाजूला जेमतेम. तारा समोर येईपर्यंत थांबायचं. १८४५ च्या वसंतात एम-५१ या, तेव्हा तेजोमेघ समजल्या जाणाऱ्या दीर्घिकेचे सर्पिल फाटे इथून पहिल्यांदा दिसले.

त्याच वर्षी बटाट्यावर करपा आला. दुष्काळात निरीक्षणं थांबली. नंतर पुन्हा सुरू झाली.

१९१७ पर्यंत याहून मोठी दुर्बीण जगात नव्हती. मूळचा एक आरसा आता लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये आहे. नळीत दिसतो तो अ‍ॅल्युमिनिअमचा, १९९० च्या दशकातल्या दुरुस्तीनंतर बसवलेला.