पंपाजवळ कोण थांबणार?

[दृश्य: समुद्राचं पाणी गोडं करणारा प्रकल्प. पांढऱ्या नळ्यांच्या रांगा, पंपाची घरघर. माणूस दिसत नाही.]

समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. हे पाणी ५५ ते ७० बार दाबाने (एक बार म्हणजे साधारण हवेच्या दाबाइतका) बारीक पडद्यांतून रेटलं, की पलीकडे गोडं पाणी येतं. हजार लिटरमागे वीज लागते तीन ते चार युनिट. धडधाकट माणूस आठ तास सलग राबला, तरी सुमारे ७५ वॉटचीच ताकद टिकवू शकतो. त्याच्या दिवसभराच्या मेहनतीचे होतात ०.६ युनिट. म्हणजे पाच ते सात जणांची दिवसभराची अंगमेहनत या हजार लिटरमध्ये आहे, आणि ती यंत्र मुकाट उचलतं. वीज उन्हापासून केली, तर इंधनही आणावं लागत नाही. टंचाई संपलेला, काम ऐच्छिक असलेला समाज ही कल्पना या हिशेबावर उभी आहे. हिशेब पक्का आहे.

ब्रिटिश अर्थतज्ज्ञ जॉन मेनार्ड केन्स यांनी १९३० सालीच म्हटलं होतं, की शंभर वर्षांत तीन तासांची पाळी किंवा १५ तासांचा आठवडा पुरेल. श्रीमंत देशांत उत्पादन वाढलं, तास मात्र तितके घटले नाहीत. कारणं बरीच आहेत. इथे आपण एकच बघू, कारण ते पुढेही पाठ सोडणार नाही. ते म्हणजे देखभाल.

[दृश्य, अगदी जवळून: वापरलेला पडदा उलगडला जातो. तपकिरी, बुळबुळीत थर.]

हा थर जिवाणूंचा. क्लोरीनने ते मरतात, पण क्लोरीन पॉलिअमाइड या प्लास्टिकचा पडदाही खातो. म्हणून तो पडद्याच्या आधीच पाण्यातून काढावा लागतो, आणि थोडे जिवाणू पुढे सरकतातच. गोड्या पाण्याचा प्रवाह दहा टक्क्यांनी घटला, किंवा नळीच्या दोन टोकांमधल्या दाबाचा फरक पंधरा टक्क्यांनी वाढला, की धुलाई काढायची. आधी अल्कली, पीएच साधारण १२. मग आम्ल, पीएच २ च्या आसपास. क्रम उलटा झाला, तर आम्लाने हा चिकट थर आणखी घट्ट बसतो आणि निघता निघत नाही.

हे सगळं यंत्राकडे सोपवता येतं. पण तोच थर सेन्सरवरही चढतो. मग मॉनिटरवरचा आकडा एक सांगतो आणि पंपाचा आवाज दुसरंच. तो आवाज ओळखणारा माणूस तिथे लागतो, रात्री तीन वाजताही लागतो.

आठवड्याचे तास १६८. तीन तासांच्या पाळ्या लावल्या, तर दिवसातून आठ वेळा पाळी बदलणार, आणि घोटाळे पाळी बदलतानाच होतात: कुठला व्हॉल्व्ह अर्धाच उघडलाय, हे सांगायचं राहून जातं. त्यापेक्षा आठवड्याला माणशी साडेसात तासांच्या दोन पाळ्या बऱ्या. प्रत्येक पाळीतला अर्धा तास आधीच्या माणसाबरोबर, काम समजून घ्यायला. उरले सात. अशा २४ पाळ्या, म्हणजे १२ माणसं. रजा, आजारपण धरून चौदा-पंधरा. एका जागेसाठी! ४० तासांच्या आठवड्यात हेच काम पाच जणांत भागतं. म्हणजे शिकवून तयार करायची माणसं तिप्पट, आणि नियोजनात नेमकं हेच सुटतं.

शिवाय हात बसलेला राहायला हवा. मानसशास्त्रज्ञ लिझान बेनब्रिज यांनी १९८३ साली दाखवून दिलं, की यंत्र सोपी कामं काढून घेतं आणि अवघड प्रसंग माणसासाठी ठेवतं, तेही त्याचा सराव मोडल्यावर. वैमानिकांना प्रवासी न्यायचे असतील, तर मागच्या ९० दिवसांत तीन उड्डाणं आणि तीन लँडिंग झालेली असावी लागतात. तसाच नियम पंपावरच्या माणसालाही हवा. काम ऐच्छिक असेल, सराव नाही.

[दृश्य: वादळी समुद्र. नारिंगी बोट.]

पगाराची गरजच नसेल, तर हे चौदा-पंधरा जण येतील का? ब्रिटन आणि आयर्लंडच्या किनाऱ्यांवर बुडत्यांना वाचवणारी आरएनएलआय ही संस्था १८२४ पासून आहे. तिच्या बोटींवरचे बहुतेक लोक स्वयंसेवक. पेजर वाजला, की हातातलं काम टाकून निघतात. माणूस फक्त पैशासाठी राबतो, हे म्हणणं इथे टिकत नाही. पण याच संस्थेच्या मोठ्या बोटींवर अनेक ठिकाणी मेकॅनिक मात्र पूर्णवेळ पगारी असतो. इंजिनाची रोजची तपासणी पेजरच्या भरवशावर सोडता येत नाही.

आमच्या मते, काम ऐच्छिक करण्याआधी, जिथे चोवीस तास तयार माणूस लागतो अशा जागांची यादी करावी. सगळ्यात वर असेल रात्रीची शुश्रूषा. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर जखमा होतात. हवेची गादी असली, तरी टाचा आणि माकडहाड उजेडात बघावंच लागतं. तिथेही बारा जण लागतील, पण तिथे बारा जण चालणार नाहीत. रात्री डोळे उघडल्यावर दर वेळी नवा चेहरा दिसला, तर रुग्ण घाबरतो.