अंडं कोणाचं, पावलं कोणाची

श्रोतेहो, नमस्कार.

घरात तेरा-चौदा वर्षांचं मूल असेल, तर "तो फोन ठेव आणि जरा बाहेर जा" हे वाक्य तुम्हाला झोपेतही म्हणता येत असेल. पण मुलांना बाहेर काढायला निघालेले काही खेळ त्या फोनमध्येच असतात. आज त्यांच्याविषयी.

त्यातलं गाजलेलं नाव पोकेमॉन गो. जुलै २०१६ मध्ये तो आला. या खेळात अंडी मिळतात आणि ती उबवायची चालून. कुठलं दोन किलोमीटरचं, कुठलं पाच, कुठलं दहा. गाडीत बसून भागत नाही, वेग ताशी दहा-साडेदहा किलोमीटरच्या वर गेला की खेळ ते अंतर धरत नाही. म्हणजे चाललात, तरच अंडं फुटणार.

मग लोक चालतात का? सुरुवातीला चालतात. अमेरिकेतल्या १८ ते ३५ वयाच्या लोकांची पावलं मोजून केलेला एक अभ्यास त्याच डिसेंबरात ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आला. खेळ घेतल्यावर पहिल्या आठवड्यात रोज सरासरी ९५५ पावलं वाढली. सहाव्या आठवड्यात? पुन्हा होती तेवढीच. नव्याचे नऊ दिवस म्हणतात, इथे थोडे जास्त टिकले, एवढंच.

आणि वाढत्या वयात हालचाल हवी किती? जागतिक आरोग्य संघटना सांगते, ५ ते १७ वर्षांच्या मुलांना दिवसाला सरासरी ६० मिनिटं, श्वास जोरात चालेल अशी. साठ मिनिटं. पी.टी.चा तास गणिताला देऊन टाकणाऱ्यांनी हा आकडा फळ्यावर लिहून ठेवावा. गणिताला स्वतःचे तास का पुरत नाहीत, हे गणित मला आजवर सुटलेलं नाही. असो.

आता माझ्या भाच्याची गोष्ट. वय चौदा. याचा फोन रोज सकाळी आजोबांबरोबर फिरायला जायचा आणि स्वारी पांघरुणात. आजोबा म्हणजे माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. त्यांना याने सांगितलं होतं, "फोन फिरवून आणला की बॅटरी चांगली राहते." अण्णांना ते पटलं. ते फोन रुमालात गुंडाळायचे, सदऱ्याच्या खिशात ठेवायचे आणि वरून सेफ्टी पिन लावायचे. खेळ बंद असला तरी चाललेलं अंतर जमा होण्याची सोय २०१८ मध्ये आली. तिचा एवढा पुरेपूर उपयोग दुसऱ्या कोणी केला नसेल! बहीण मला कौतुकाने सांगायची, "अरे, रोज सहा हजार पावलं होतात त्याची."

मग अण्णांना ताप आला. पोरगं उशाशी बसून. औषधाची वेळ सांभाळतंय, पाणी देतंय, तासातासाला थर्मामीटर लावतंय. बहिणीचे डोळे भरून आले. पाचव्या दिवशी मात्र त्याला राहवेना. कळवळून म्हणाला, "आजोबा, आता बरे व्हा ना हो! साडेतीनच किलोमीटर राहिलेत."

सगळं बाहेर आलं. अण्णा ठसका लागेपर्यंत हसले. मग म्हणाले, "अंडं तुझं आणि पाय माझे, हे काही चालायचं नाही."

डॉक्टरांनी अण्णांना काही दिवस एकट्याने जायची मनाई केली होती. सोबत कोण? अर्थात हाच. पहिले चार दिवस तोंड पाडून गेला. मग त्याला रस्त्यातली कुत्री ओळखायला लागली, अण्णांचे फिरायला येणारे मित्र नावाने हाका मारायला लागले. खेळ बाहेर काढतो हो, पण टिकायला सोबत लागते. पुन्हा सांगतो, सोबत लागते. आणि अण्णांच्या चालीने दम लागत नाही म्हणून हा आता शेवटचा टप्पा पळत जातो आणि कोपऱ्यावर वाट बघत उभा राहतो.

दोनेक महिन्यांनी त्याने तो खेळ काढूनही टाकला. कंटाळा आला म्हणे. फिरणं चालू आहे.

परवा सकाळी सात वाजता माझा फोन वाजला. अण्णा. एवढ्या सकाळी? माझ्या पोटात गोळाच आला. पलीकडून धापा टाकत आवाज, "अरे, ऐकतोयस का? माझं दहा किलोमीटरचं फुटलं!"