'भूमिका': पासबुक कुणाकडे होतं?

मंडळी, 'भूमिका' हा चित्रपट कुठेही दाखवा, दादरला, पार्ल्याला नाहीतर ठाण्याला, नंतरच्या चर्चेत पहिला प्रश्न ठरलेला असतो: "ही बाई पुन्हा पुन्हा असलेच पुरुष का निवडते?" आत्ता बाहेर चहा घेतानाही तो ऐकू आला. या प्रश्नाचा मला मनापासून राग येतो, आणि आज बोलायचं कबूल केलं ते त्यासाठीच.

चित्रपट तुम्ही नुकताच पाहिलाय, त्यामुळे गोष्ट सांगत बसत नाही. 1977 साल, दिग्दर्शन श्याम बेनेगलांचं, कॅमेरा गोविंद निहलानींचा. पटकथेत गिरीश कर्नाड आणि सत्यदेव दुबे. स्मिता पाटीलना अभिनयाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, पटकथेलाही मिळाला. मुळात आधार अभिनेत्री हंसा वाडकरांच्या 'सांगत्ये ऐका' या आत्मचरित्राचा. ते शब्दांकन अरुण साधूंचं, हे इथे बऱ्याच जणांना ठाऊक असेल. मराठी प्रेक्षकाला हे पुस्तक माहीत असतं, आणि तिथेच घोटाळा होतो. आपण पडद्यावर उषाला, म्हणजे स्मिता पाटीलनी साकारलेल्या नटीला, बघतच नाही. हा नट म्हणजे खरा कोण, तो जमीनदार कुठल्या गावचा, हेच शोधत बसतो. एका संस्थेने तर निमंत्रणपत्रिकेवरच 'एका बेबंद आयुष्याची कहाणी' असं छापलं होतं. बेबंद! दहा-बारा वर्षांची असल्यापासून जी घर पोसते, तिला आपण बेबंद म्हणतो. त्या आयोजकांशी मी भांडलो होतो, आणि परत तशी पत्रिका आली तर परत भांडेन.

आता माझ्या मावशीचं सांगतो. माझ्या जवळच्या लोकांनी हे अनेकदा ऐकलंय, त्यांनी जरा सांभाळून घ्यावं. मावशी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. परळला चाळीत राहायची. रात्रपाळी करून सकाळी घरी आली की चूल, पाणी, पोरांचे डबे, आणि मग झोप मिळाली तर मिळाली. एक तारखेला पगाराचं पाकीट न फोडता काकांच्या हातात द्यायची. त्यात कुणालाही वावगं वाटायचं नाही, तिलाही नाही. गिरणगावात तेव्हा कितीतरी घरांतून हेच चालायचं. काका वाईट नव्हते. हिशेब चोख ठेवायचे. फक्त मावशीला नवी चप्पल हवी असली तर ती आधी त्यांना विचारायची, आणि ते दोन दिवस विचार करायचे.

तिला मी 'भूमिका' दाखवायला नेलं, तेव्हा मी कॉलेजात होतो. स्मिता पाटील तिच्या ओळखीची, मुंबई दूरदर्शनवर मराठी बातम्या द्यायची म्हणून. "ती बातम्यांची मुलगी," असंच म्हणायची. चित्रपट संपल्यावर मी तिला कृष्णधवल आणि रंगीत भागांबद्दल भरभरून सांगत होतो. बसस्टॉपपर्यंत तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ते राहू दे. मला एवढं सांग, तिचं पासबुक कुणाकडे होतं?"

या एका प्रश्नाने मला चित्रपट दिसला. त्यानंतर मी तो जेव्हा जेव्हा बघितला, तेव्हा मावशीच्या डोळ्यांनी बघितला. पुढच्याच महिन्यात तिने पोस्टात स्वतःच्या नावाचं खातं काढलं. काकांनी आठवडाभर अबोला धरला. ती मात्र पाळीवर जाताना गुणगुणत जायला लागली, हे मी स्वतः ऐकलंय.

(समोरून चिठ्ठी आली आहे, सात मिनिटं उरलीत. ठीक आहे, भरभर सांगतो.)

उषाचा नवरा केशव दळवी बघा. अमोल पालेकरांनी तो इतका साधा केलाय की चीड यायला वेळ लागतो. उषाला लग्नानंतर घर करायचंय, चित्रपट सोडायचाय. याचा धंदा चालत नाही, म्हणून हा तिचा व्यवस्थापक होतो. सहनट राजनबरोबरची कामं हाच ठरवतो आणि राजनवरून संशयही हाच घेतो. त्याला तिची कमाई हवी आणि ती जिथून येते त्या जागेचा मत्सरही वाटतो. त्यांची भांडणं पुन्हा एकदा ऐका. प्रेमावरून सुरू झालेलं भांडण पैशांवर येऊन थांबतं.

आता विनायक काळे, उषा पुढे ज्याच्याकडे राहते तो जमीनदार. अमरीश पुरींचा वाडा. इथे तिला आयुष्यात पहिल्यांदा कमवावं लागत नाही. सासू, आजारी थोरली बायको, मुलगा, सगळे तिला आपलं मानतात. आणि एक दिवस मुलाला घेऊन ती जत्रेला निघते तेव्हा कळतं, की बाहेर पडायची परवानगी नाही. केशवकडे हिंडायची मोकळीक होती, पण कमवायची सक्ती. इथे कमवायची सक्ती नाही आणि हिंडायची मोकळीकही नाही. या दोघांच्या मधल्या सुनील या दिग्दर्शकाबरोबर तर एकत्र मरायचा बेत ठरतो, तोही तोच मोडतो. मग सांगा, यात तिने निवडायचं काय होतं? तिसरा पर्याय त्या काळाने तिच्यापुढे ठेवलाच नव्हता. वाड्यातून सुटायला तिला हाक मारावी लागते तीही केशवलाच, कारण तिच्यासाठी त्या दारात उभं राहू शकेल असा दुसरा कुणीच नाही. हा प्रसंग मी कितीदाही पाहिला तरी अंगावर येतो.

शेवटी उषाची मुलगी म्हणते, माझ्याकडे राहायला चल. उषा नाही म्हणते. याला लोक निराशा म्हणतात. मला ते साफ अमान्य आहे. हॉटेलची ती खोली कळकट असेल, एकटी असेल, पण तिचं भाडं तिच्या पैशातून जातं आणि ते कधी द्यायचं हे तीच ठरवते. राजनचा फोन येतो तेव्हाही ती धावत सुटत नाही.

सुलभा देशपांडेंनी केलेल्या आईबद्दल आणि त्या गाणाऱ्या आजीबद्दल बोलायचं राहिलं. वेळ संपली. प्रश्नोत्तरांत कुणीतरी तो विषय काढा, मी थांबतो आहे.