पान समोर ठेवा, मग बोला

(चित्रकथाकारांच्या मुलाखती घेऊ इच्छिणाऱ्या वाचकांसमोर आणि कलाशिक्षकांसमोर जळगावात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

नमस्कार मंडळी. चित्रकथाकाराची मुलाखत घ्यायला निघालेल्याच्या वहीत पहिला प्रश्न बहुधा ठरलेला असतो : ‘तुम्हाला प्रेरणा कुठून मिळाली?’ माझी पहिली विनंती अशी, की तो प्रश्न आज इथेच खोडून टाका. त्याचं उत्तर समोरच्या माणसाने पन्नास वेळा दिलेलं असतं आणि ते घासून गुळगुळीत झालेलं असतं. अनंत पैंना ‘अमर चित्रकथा’ कशी सुचली, हे कुणालाही विचारा. दूरदर्शनवरच्या प्रश्नमंजूषेत मुलांना रामाच्या आईचं नाव सांगता आलं नाही, हा प्रसंग लगेच ऐकायला मिळेल. प्रसंग महत्त्वाचा आहेच. पण 1967 नंतर ते काम रोज कसं चाललं, संहितेचं एक पान चित्रकाराच्या हाती कोणत्या रूपात पडायचं, चूक निघाली तर पान परत कुणाकडे जायचं, यातलं त्या प्रसंगातून काहीच कळत नाही. ते विचारायला आपण जायचं आहे.

आणि लवकर जायचं आहे. ‘इंद्रजाल कॉमिक्स’ मार्च 1964 मध्ये वेताळाच्या कथेने सुरू झालं आणि 1990 मध्ये बंद पडलं. ‘टिंकल’ 1980 चं, ‘नागराज’ 1986 चा. चिंटू 21 नोव्हेंबर 1991 पासून ‘सकाळ’मध्ये येऊ लागला. अनंत पै 2011 मध्ये गेले, चाचा चौधरीचे प्राण 2014 मध्ये. पण चित्रकथा म्हणजे फक्त मुखपृष्ठावरची नावं नव्हेत. शाई भरणारे, अक्षरं लिहिणारे, रंगाच्या खुणा करणारे, भाषांतर करणारे असे कितीतरी हात त्यात होते आणि त्यांची नावं अनेकदा छापलीच गेली नाहीत. त्यांच्यापैकी कुणी आपल्या धुळ्यात, नंदुरबारात, चाळीसगावात निवृत्त आयुष्य जगत असेल, तर त्यांच्याकडे आधी जा. प्रसिद्ध माणसाच्या मुलाखती आधीच झालेल्या असतात.

जाण्यापूर्वीची तयारी कंटाळवाणी आहे, पण ती टाळू नका. त्या माणसाने केलेल्या अंकांची यादी करा : अंकाचं नाव, क्रमांक, महिना, वर्ष, छापील किंमत. साल आठवायला सांगितलं की माणूस गोंधळतो. जुना अंक हातात दिला, किंमत दाखवली की ‘हा दर होता तेव्हा आम्ही भाड्याच्या खोलीत राहायचो’ असं काहीतरी निघतं आणि काळ पक्का होतो. त्यामुळे ‘कोणत्या साली’ असं विचारण्यापेक्षा ‘तेव्हा छापखाना कुठला होता, शाळेत जाणारी मुलं होती का, आणीबाणी लागली होती का’ असं विचारा. साल आपण घरी अंकावरून लावू शकतो.

आता मुख्य गोष्ट. टेबलावर पान हवं. मूळ चित्र असेल तर उत्तम, नाहीतर छापील अंक तरी हवाच. आठवण बदलते, पानावरची खूण बदलत नाही. अमेरिकेतलं एक उदाहरण पुरेसं आहे. मार्व्हलमध्ये 1960 च्या दशकात स्टॅन ली बऱ्याचदा कथेचा फक्त सांगाडा द्यायचा, जॅक कर्बी पूर्ण पानं काढायचा आणि संवाद नंतर लिहिले जायचे. कोणाचं किती, यावर पुढे वर्षानुवर्षं वाद झाला. पण कर्बीच्या मूळ पानांच्या समासात त्याने स्वतः पेन्सिलीने लिहिलेल्या सूचना आहेत : या चौकटीत काय घडतंय, कोण काय म्हणतंय. शंभर मुलाखतींपेक्षा त्या ओळी जास्त बोलतात. म्हणून समास बघा, मागची बाजू बघा.

पानावर काय शोधायचं? आधी आकार. मूळ चित्र छापील पानापेक्षा मोठं असतं. 10 बाय 15 इंचांत काढलेलं चित्र दोन-तृतीयांश केलं की साधारण पावणेसात बाय 10 इंचांवर येतं. म्हणजे 0.3 मिलिमीटरची रेघ 0.2 ची होते. जवळजवळ ओढलेल्या सावलीच्या रेघांमधली पांढरी फटही तेवढीच आकसते, आणि स्वस्त कागदावर शाई पसरते तेव्हा ती फट बुजून सगळा काळा डाग होतो. ज्याला हे ठाऊक आहे तो चित्रकार मूळ पानावर रेघा मुद्दाम विरळ ओढतो. त्यामुळे मूळ चित्र थोडं उघडं, थोडं ठोकळ वाटतं. तुमचा प्रश्न तिथून निघतो : ‘या सावलीत रेघा इतक्या विरळ का ठेवल्या? पहिल्या अंकात असं नव्हतं.’ आता माणूस बोलायला लागतो, कारण पहिल्या अंकाची छपाई बघून त्याला काय वाटलं होतं ते त्याला अजून आठवतं.

मग हत्यारं. रेघ एकाच जाडीची असेल तर ती तांत्रिक पेनाची. सुरुवातीला बारीक, मध्ये फुगलेली, शेवटी पुन्हा बारीक असेल तर ब्रश किंवा लवचीक निबेचा टाक. कोणता ब्रश, कितव्या नंबरचा, किती पानांनी टोक जायचं, शाई वॉटरप्रूफ होती की नाही, पावसाळ्यात कागद ओलसर झाला की शाई फुटायची का, हे सगळं विचारा. चूक झाल्यावर पांढऱ्या पोस्टर कलरने झाकायचे की वर कागदाचा तुकडा चिकटवायचे, हेही विचारा. तो पांढरा रंग पानावर तुम्हाला बोटांनी नाही, डोळ्यांनी दिसेल. पान उजेडाला तिरकं धरा.

फिकट निळी पेन्सिलही शोधा. छपाईसाठी ज्या फिल्मवर फोटो घेतला जाई तिला फिकट निळा पांढऱ्यासारखाच दिसे, त्यामुळे छापखान्यासाठीच्या सूचना निळ्यात लिहिल्या जात. इथेच बरेच जण घोटाळा करतात. मूळ पान काळं-पांढरं स्कॅन केलं की त्या निळ्या ओळी जातात. रेखाचित्र असलं तरी स्कॅन रंगीतच करा, 600 डीपीआयवर. छापील अंकाचं पान 300 डीपीआयवर चालेल, पण त्यात ठिपक्यांची जाळी उठते. ती काढण्याची सोय स्कॅनरमध्ये असते, तरी एक प्रत ती न वापरता ठेवा. आणि जुनं पान आपोआप कागद ओढणाऱ्या स्कॅनरमध्ये कधीही घालू नका. सपाट काचेचाच स्कॅनर हवा. वर चिकटवलेले संवादांचे तुकडे डिंक वाळून सुटलेले असतात. ते जबरदस्तीने उचकटू नका, फेव्हिकॉलने परत चिकटवूही नका. एखादा स्वतःहून सुटला असेल तर तुकड्यासह एक आणि तुकड्याविना एक, असे दोन फोटो घ्या.

या तुकड्यांवर थोडं थांबतो, कारण मराठी वाचकासाठी यात फार मोठा ऐवज आहे. एकच चित्रकथा अनेक भाषांत निघते तेव्हा निळा, किरमिजी आणि पिवळा या तीन रंगांच्या फिल्म सगळ्या भाषांना त्याच राहतात. बदलते ती फक्त काळ्याची, कारण अक्षरं काळ्यात असतात. म्हणून संवादाचा फुगा पांढरा ठेवावा लागतो, आणि चित्रातच रंगात काढलेला स्फोटाचा आवाज दुसऱ्या भाषेतही तसाच राहून जातो. फुगे मूळ भाषेच्या मापाने काढलेले असतात. इंग्रजी मोठ्या लिपीत सगळी अक्षरं एका उंचीची. देवनागरीला शिरोरेषेच्या वर रफार, मात्रा, अनुस्वारासाठी जागा लागते, खाली उकार आणि जोडाक्षरं. इंग्रजीच्या चार ओळी मावतात तिथे देवनागरीच्या तीन मावल्या तरी खूप. मग एकतर अक्षर लहान होतं किंवा वाक्य कापलं जातं. ते कुणी कापलं? भाषांतरकाराने, संपादकाने, की ऐन वेळी अक्षरं लिहिणाऱ्याने? माझं ठाम मत आहे, की आपण लहानपणी वाचलेल्या मराठी वेताळाची भाषा इतकी तुटक आणि ठसकेबाज होण्यात या जागेच्या टंचाईचा मोठा वाटा आहे. भाषांतर केलेला एखादा माणूस सापडला तर हे त्याला नक्की विचारा. ‘इंद्रजाल’मध्ये 30 च्या आसपास पानांत गोष्ट बसवायला मूळ कथेच्या चौकटीही गाळल्या जात. तिथे कात्री कुणाच्या हातात होती, हाही प्रश्न आहे.

आता प्रेरणा. ती पानातूनच काढायची. प्रताप मुळीक यांनी ‘अमर चित्रकथा’ची पौराणिक पानं काढली आणि पुढे ‘नागराज’चीही. दोन्ही अंक शेजारी ठेवले की प्रश्न आपोआप तयार होतो : देवाच्या खांद्याची ठेवण आणि नागराजच्या खांद्याची ठेवण यांत काय सारखं आहे, काय मुद्दाम बदललंय? आपल्या भागातला चित्रकार असेल तर त्याने चित्रात काढलेली केळीची बाग बघा. केळीचं पान वाऱ्याने आडव्या शिरांच्या दिशेने फाटतं. ज्याने बागेत बसून काढलंय त्याची पानं चिरफाळलेली दिसतील. फोटोवरून किंवा दुसऱ्याच्या चित्रावरून घेतली असतील तर ती अखंड, गुळगुळीत असतात. पावरा आदिवासी बाईच्या गळ्यातले दागिने, सातपुड्यातल्या घराचं छप्पर, तापीचा काठ, हे तपशील कुठून आले ते विचारा. ‘उचललं का?’ असं मात्र कधी विचारू नका. ‘टेबलावर समोर काय ठेवलं होतं?’ असं विचारा. प्रत्येकाच्या टेबलावर काहीतरी असतं आणि ते सांगायला कुणाला कमीपणा वाटत नाही.

अजिंठा आपल्या जळगावपासून जेमतेम 60 किलोमीटर. इथला जवळजवळ प्रत्येक चित्रकार शाळेच्या सहलीत तिथे गेलेला असतो. 17 क्रमांकाच्या लेण्यात विश्वंतराची किंवा सिंहलाची कथा बघा : तीच व्यक्ती एकाच भिंतीवर पुन्हापुन्हा येते, चौकटी नाहीत, आणि प्रसंग अनेकदा आधी-नंतरच्या क्रमाने न मांडता कुठे घडले त्याप्रमाणे मांडले आहेत. ‘अजिंठ्याचा प्रभाव आहे का?’ या प्रश्नाला ‘हो’ एवढंच उत्तर येईल. त्याऐवजी भिंतीचा फोटो द्या आणि म्हणा : याच्या सहा चौकटी करायच्या तर पहिली कुठे कापाल?

पैशांबद्दल विचारायला संकोचू नका. पानाला किती मिळायचे, रंगाचे वेगळे होते का, मूळ चित्र परत मिळायचं का, करार लेखी होता का? सुपरमॅनचे जनक सीगल आणि शूस्टर यांनी 1938 मध्ये 13 पानांच्या कथेचे 130 डॉलर घेतले, म्हणजे पानाला दहा, आणि त्यासोबत पात्राचे हक्कही देऊन टाकले. अमेरिकन चित्रकथाकार विल आइसनरने 1940 मध्ये आपल्या ‘स्पिरिट’ या पात्राचे हक्क आपल्याकडे राहतील असं बघितलं. त्या दोघांच्या आणि आइसनरच्या पुढच्या आयुष्यातला फरक या एका अटीतून निघतो. याच आइसनरने पुढे आपल्या समव्यवसायी चित्रकारांशी दीर्घ संवाद केले. त्यांत कामाच्या सवयी, वेळ, मोबदला यांवर इतकं नेमकं बोलणं आहे, कारण विचारणारा स्वतः त्याच कामात होता. आपण नसू, तर आपली भरपाई तयारीने करायची.

ध्वनिमुद्रणाचं सांगतो. एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळ 45 अंशांपर्यंत जातं आणि घरोघरी कूलर चालू असतो. त्याची घरघर ‘स’, ‘श’, ‘फ’ असे उच्चार गिळून टाकते. नंतर सॉफ्टवेअरने घरघर काढली तर आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा होतो. म्हणून उन्हाळ्यात सकाळी सात ते नऊ एवढीच बैठक ठेवा आणि त्या वेळात कूलर-पंखा बंद. वयस्कर माणसाला त्याहून जास्त वेळ उकाड्यात बसवू नका, दुसऱ्या दिवशी परत जा. दोन फोन लावा, दोन्ही विमान मोडवर, घडी घातलेल्या टॉवेलवर, बोलणाऱ्यापासून हातभर अंतरावर.

आणि एक सवय लावून घ्या, जिच्यावाचून अख्खी मुलाखत फुकट जाऊ शकते. चित्रकार बोट ठेवून म्हणतो, ‘हे बघा, इथे असं केलं.’ ध्वनिफितीत ‘इथे’ दिसत नाही. तुम्ही लगेच मोठ्याने म्हणा : ‘पान 12, वरून दुसरी ओळ, उजवी चौकट, घोड्याचा पाय.’ पहिल्यांदा विचित्र वाटतं, पाच मिनिटांत दोघांनाही सवय होते.

उतरवून काढायला एका तासाच्या बोलण्याला चार ते सहा तास धरा. कुणी मध्येच अहिराणीत गेलं तर ती वाक्यं अहिराणीतच ठेवा, खाली मराठी अर्थ द्या. प्रश्नांचा क्रम बदललात तर तसं नमूद करा. उत्तरं एकमेकांत मिसळू नका.

परवानग्या दोन वेगळ्या घ्या : एक बोलण्याची, एक चित्रं छापण्याची. चित्रांचे हक्क चित्रकाराकडे असतीलच असं नाही. 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे नोकरीत असताना नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा पहिला मालक, वेगळं ठरलेलं नसेल तर, नोकरी देणारा असतो. बाहेरून काम करून देणाऱ्याचा हिशेब वेगळा, तिथे करार बघावा लागतो. हक्क लिहून दिले पण मुदत लिहिली नाही, तर कायदा ती पाच वर्षांची धरतो. म्हणून घरातली जुनी पत्रं, पावत्या, मनीऑर्डरचे तुकडे दाखवायला सांगा आणि त्यांचेही फोटो घ्या. हक्क कुणाचे ते ठरवायला उद्या तेच कागद लागतील.

निघताना बाहेर काढलेली मूळ पानं त्यांच्यासमोर मोजा, ज्या क्रमाने होती त्याच क्रमाने फाइलमध्ये ठेवा, आणि एकही पान ‘स्कॅन करून आणून देतो’ म्हणून घरी नेऊ नका.