सलाम, वाइनबर्ग आणि घरचा गणपती

नमस्कार मंडळी. मी इथे लंडनमध्ये सिक्स्थ फॉर्मच्या, म्हणजे आपल्या अकरावी-बारावीच्या, मुलांना फिजिक्स शिकवते आणि भाद्रपदात घरी दीड दिवसाचा गणपती बसवते, त्यामुळे आजचा विषय माझ्याकडे दोन्ही बाजूंनी येतो. वर्गात मुलं विचारतात, मिस, एवढं सगळं शिकवून तुम्ही देव कसा काय मानता? आणि मंडळात एखादे काका प्रेमाने सांगतात, अगं आता क्वांटमने सिद्धच केलंय ना सगळं, आपल्या ऋषींना ते आधीपासून माहीत होतं. दोघांनाही उभ्या उभ्या नीट उत्तर देता येत नाही, म्हणून आज कमिटीने माइक दिलाय तर सविस्तर बोलते.

माझं म्हणणं असं की देव मानणारा माणूस क्वांटम फिजिक्स, म्हणजे अणू-इलेक्ट्रॉनसारख्या अतिसूक्ष्म गोष्टींचं शास्त्र, पूर्ण मनाने मानू शकतो, कुठेही अडत नाही. पण देवासाठी क्वांटमची साक्ष काढू नका, कारण ती साक्ष खोटी ठरते आणि खोटी ठरते ती आपल्याच मुलांसमोर.

साउथ केन्सिंग्टनला इंपीरियल कॉलेज आहे, तिथे अब्दुस सलाम प्रोफेसर होते, मूळचे अखंड पंजाबातल्या झंगचे. 1979 चं फिजिक्सचं नोबेल सलाम, स्टीव्हन वाइनबर्ग आणि शेल्डन ग्लॅशो या तिघांना मिळालं. काम काय, तर विजेचं-चुंबकाचं बल आणि काही प्रकारच्या किरणोत्सर्गामागचं वीक फोर्स ही मुळात एकाच बलाची दोन रूपं आहेत हे क्वांटमच्या गणितात बसवून दाखवणं. सलाम अतिशय श्रद्धाळू, नोबेलच्या मेजवानीतल्या भाषणात त्यांनी कुराणातल्या ओळी म्हटल्या, सृष्टीकडे पुन्हा पुन्हा बघ, कुठे काही फट दिसते का, अशा अर्थाच्या. वाइनबर्ग उघड नास्तिक, आयुष्यभर तसं लिहीत-बोलत राहिले. एक अमेरिकेत, एक इथे, लांब लांब बसून दोघे एकाच थिअरीला पोचले आणि 1983 मध्ये जिनिव्हाजवळच्या सर्न या प्रयोगशाळेत त्या थिअरीने सांगितलेले कण खरोखर सापडले. सलामांनी स्वतः पुढे लिहिलंय की माझं मानणं आणि वाइनबर्गचं न मानणं याने या कामात काही फरक पडला नाही. मला या विषयातलं यापेक्षा चांगलं उदाहरण माहीत नाही. (आणि जाता जाता सांगते, सलाम अहमदिया पंथाचे, 1974 मध्ये त्यांच्या देशाने, पाकिस्तानने, घटनेत बदल करून या पंथाला बिगरमुस्लिम ठरवलं, पुढे त्यांच्या थडग्यावरचा 'मुस्लिम' हा शब्दसुद्धा खोडला गेला. त्यांच्या श्रद्धेला त्रास झाला तो माणसांकडून, फिजिक्सकडून नाही.)

आता क्वांटममध्ये नक्की दिसतं काय ते सांगते, कारण गडबड तिथेच होते. शाळेच्या लॅबमध्ये आमच्याकडे इलेक्ट्रॉन डिफ्रॅक्शन ट्यूब आहे. काचेचा मोठा फुगा, मानेत तापणारी फिलामेंट, पुढे ग्रॅफाइटचा अगदी पातळ थर आणि समोरच्या काचेला आतून फॉस्फरचा लेप, इलेक्ट्रॉन आदळला की चमकणारा. पडदे ओढायचे, व्होल्टेज तीन हजारांच्या पुढे न्यायचं, की काचेवर मधोमध एक ठिपका आणि त्याच्याभोवती दोन अंधूक हिरवट वर्तुळं उमटतात, नॉब फिरवून व्होल्टेज वाढवलं की वर्तुळं आत सरकतात, कमी केलं की बाहेर. अशी वर्तुळं फक्त लाटांनी पडतात, नुसते छर्‍यांसारखे कण आले असते तर एक पसरट डाग पडला असता. म्हणजे जो इलेक्ट्रॉन कण आहे म्हणून जे. जे. थॉमसनचं नाव झालं, 1906 चं नोबेल मिळालं, तोच लाटेसारखा वागतो हे दाखवून त्याच्याच मुलाला 1937 चं नोबेल मिळालं! दरवर्षी ती वर्तुळं आली की वर्ग गप्प होतो आणि मग पहिला प्रश्न हमखास येतो, मिस, पण तो खरा आहे तरी काय?

पुढची पायरी जपानमधली. 1989 मध्ये हिताचीच्या लॅबमध्ये अकिरा तोनोमुरा आणि सहकाऱ्यांनी इलेक्ट्रॉन एकेक करून सोडले, पुढे जायला दोन वाटा ठेवून. स्क्रीनवर आधी नुसते विखुरलेले ठिपके, काही पॅटर्न नाही, आणि वीसेक मिनिटांत लाखाच्या वर ठिपके साठले तेव्हा लाटांचे पडतात तसे स्वच्छ पट्टे दिसायला लागले. शिवाय इलेक्ट्रॉन त्यातल्या कुठल्या वाटेने गेला याची खूण कुठेही उरली, अगदी हवेच्या एखाद्या रेणूत उरली, तरी पट्टे पुसले जातात. इथूनच ते सगळं सुरू होतं की 'ऑब्झर्व्हर'शिवाय, म्हणजे बघणाऱ्याशिवाय, जग नाही, म्हणून चैतन्य, म्हणून ब्रह्म. पण खूण हवेच्या रेणूत उरली तेव्हा बघायला कोण होतं? कुणीच नाही. मोजणी म्हणजे माणसाने डोळे लावून बघणं नव्हे. युजीन विग्नर नावाच्या मोठ्या शास्त्रज्ञाने 1961 मध्ये खरंच मांडलं होतं की मोजणी पुरी व्हायला जाणीव लागत असावी, पण पुढे त्यांनी स्वतःच ते मत सोडलं, आणि हा दुसरा भाग कुणी फॉरवर्ड करत नाही. मोजणीच्या क्षणी नक्की घडतं काय यावर शास्त्रज्ञ अजून भांडतात हे खरंय, पण त्यांचं भांडण मिटलेलं नाही म्हणून आपल्या मनातलं उत्तर तिथे घुसवायचं हे काही बरोबर नाही.

एन्टँगलमेंटचंही तेच. 2022 चं नोबेल आस्पे, क्लाउझर आणि झाइलिंगर यांना त्यावरच मिळालं, गोष्ट अस्सल आहे, दोन कण लांब गेले तरी त्यांच्या मोजण्या एकमेकींशी अशा जुळतात की साधं कुठलंच स्पष्टीकरण पुरत नाही. पण त्यातून निरोप पाठवता येत नाही, एक अक्षरही नाही. नाशिकला आईच्या मनाला काहीतरी लागलं आणि तिने त्याच रात्री इथे फोन केला, असं आपल्यातल्या अनेकांचं झालं असेल, ते मोलाचंच आहे, फक्त त्याला एन्टँगलमेंट म्हणू नका.

ज्यांना श्रद्धेच्या बाजूने क्वांटम खरंच जड गेलं त्यांच्यात आइनस्टाइन होते, आणि हे मला फार बोलकं वाटतं. 1814 मध्ये लाप्लास या फ्रेंच गणितज्ञाने लिहिलं होतं की या क्षणाचं सगळं ज्ञान असणाऱ्या बुद्धीला पुढचं-मागचं सगळं कळेल. क्वांटमने ते मोडलं, एखादा युरेनियमचा अणू कधी फुटेल ते सांगता येत नाही, फक्त शक्यता सांगता येते. आइनस्टाइन 1929 मध्ये म्हणाले की मी तत्त्वज्ञ स्पिनोझाचा देव मानतो, जो विश्वाच्या सुसंगतीत दिसतो, आणि म्हणूनच 1926 च्या पत्रात त्यांनी क्वांटमवर काम करणाऱ्या माक्स बॉर्नना लिहिलं की 'तो' फासे टाकत नाही. म्हणजे देवाची त्यांची जी कल्पना होती तिलाच क्वांटम खुपलं. त्याउलट काही ख्रिस्ती विचारवंत म्हणाले की बरं झालं, ही अनिश्चितता म्हणजे देवाला काम करायला मोकळी जागा. मला ते पटत नाही, कारण क्वांटममधली ती मोकळीक निव्वळ यदृच्छा आहे, त्यात कुणाची इच्छा दिसत नाही, आणि असे असंख्य अणू एकत्र घेतले की टक्केवारी अगदी नियमात बसते. आणि भक्ताच्या बाजूनेही बघा, आपला विठोबा काय इलेक्ट्रॉनच्या फटीत लपून बसलाय का?

क्वांटमचं मुख्य समीकरण मांडणाऱ्या श्रोडिंजरचं नाव आपल्याकडे फार अभिमानाने घेतात. त्यांचं वेदान्तावर प्रेम होतं ते अगदी खरं, 1925 च्या शरदात त्यांनी त्यावर मनापासून लिहिलंय, म्हणजे त्यांचं समीकरण यायच्या काही महिने आधी. पण 1926 चे ते पेपर द ब्रॉय या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या, कणही लाटेसारखे वागतात या कल्पनेवरून आणि जुन्या मेकॅनिक्सच्या गणितावरून उभे राहिलेत, त्यात उपनिषद नाही. आणि 1950 मध्ये डब्लिनच्या व्याख्यानांत त्यांनी स्पष्ट सांगितलं की क्वांटमच्या अनिश्चिततेतून माणसाची स्वतंत्र इच्छा सिद्ध करायला जाऊ नका. वेदान्त त्यांनी वेदान्त म्हणून मानला, त्याला फिजिक्सची टेकू लावली नाही. मला हा माणूस यासाठी आवडतो.

यात नुकसान काय, असं कुणी विचारेल. सांगते. 2021 च्या डिसेंबरमध्ये नेदरलँड्सच्या अणुसुरक्षा खात्याने दहा वस्तूंची यादी काढली, त्यात 'क्वांटम' नावाचं पेंडंट होतं, झोपताना डोळ्यांवर बांधायचा मास्क होता, लहान मुलांचं ब्रेसलेट होतं. या वस्तू किरणोत्सर्गी निघाल्या, लगेच वापरणं थांबवा असं सांगावं लागलं. ऊर्जा, संरक्षण असं सांगून हे लोकांच्या गळ्यात घातलं जात होतं. असे दावे तपासता येतात आणि तपासायलाच हवेत. पुण्यात जयंत नारळीकरांनी डॉ. दाभोलकर वगैरे मंडळींना घेऊन पत्रिकांची चाचणी घेतली होती, हुशार मुलांच्या आणि मतिमंद मुलांच्या पत्रिका मिसळून ज्योतिषांना ओळखायला दिल्या, 27 जणांनी उत्तरं पाठवली आणि सरासरी बरोबर निघाली 46 टक्के, नाणं उडवलं असतं तरी पन्नासच्या आसपास आली असती. तपासता येईल ते असं तपासावं. 'माझा देव माझ्या पाठीशी आहे' हे मात्र अशा चाचणीत बसतच नाही, ते वेगळ्या जातीचं वाक्य आहे, आणि त्याला क्वांटमचं लेबल लावलं की आपण उगाच ते चाचणीत ढकलतो.

मला काळजी आहे ती मुलांची. आपण घरी सांगतो की बघ बाळा, क्वांटम फिजिक्स म्हणतं म्हणून आपला धर्म खरा. ते बाळ सतराव्या वर्षी माझ्यासारखीच्या वर्गात येतं, ट्यूबमधली वर्तुळं बघतं, गणित करतं, आणि त्याला कळतं की आई-बाबांनी सांगितलं ते यात कुठेच नाही. मग ते फिजिक्सवर रागावत नाही हो, ते आई-बाबांनी सांगितलेलं सगळंच बाजूला ठेवतं, आरती, आजीची पोथी, सगळं. असं झालेली मुलं मी बघितली आहेत आणि मला फार वाईट वाटतं, कारण जे टाकलं त्यातलं बरंच चांगलं होतं.

मी का मानते असं विचाराल तर माझं उत्तर साधं आहे. आजारपणात, माणूस गेल्यावर, आणि खूप आनंदातही मला कुणाला तरी हात जोडावेसे वाटतात, लहानपणापासून जोडत आले, आणि ते करताना मी जास्त बरी माणूस असते असा माझा अनुभव आहे. हा पुरावा नाही, माझ्या विद्यार्थ्यांनी तो पुरावा म्हणून लिहिला तर मी मार्क देणार नाही. माझ्या नवऱ्याला असं काही वाटत नाही, तो मानत नाही, मोदक मात्र तोच वळतो आणि आमचं छान चाललंय.

कमिटीला एक विनंती. गणेशोत्सवात हॉलमागची छोटी खोली पडदे लावून अंधारी करून द्या, शाळेची परवानगी मिळाली तर मी ट्यूब घेऊन येते. हाय व्होल्टेज असतं त्यामुळे छोट्यांनी लांबून बघायचं, मोठ्यांनी माझ्यासमोर नॉब फिरवायचा. आता प्रश्न घेऊया, आणि काका-काकूंनो, आधी मुलांना विचारू दे.